लोकल बंद असताना बसने कसं जायचं: ठाणे आणि नवी मुंबईत नव्याने आलेल्यांसाठी

नोकरीसाठी किंवा लग्न होऊन ठाण्यात, ऐरोलीत, खारघरला राहायला आलेल्या माणसाला लोकलची सवय लागायला आठवडा पुरतो. मग एखाद्या रविवारी फलाटावर घोषणा होते: ट्रान्स हार्बर मार्गावर मेगाब्लॉक आहे, प्रवाशांनी पर्यायी वाहतूक वापरावी. ट्रान्स हार्बर म्हणजे ठाण्याहून वाशी-पनवेलला जाणारा मार्ग, आणि मेगाब्लॉक म्हणजे रुळांच्या कामासाठी काही तास गाड्या बंद. पर्यायी म्हणजे बहुधा बस. पण ती बस कुठून सुटते, तिच्या पाटीवर काय लिहिलेलं असतं, किती वेळ लागतो आणि मुळात ती घ्यावी का, यातलं काहीच घोषणेत सांगत नाहीत. जुन्या प्रवाशांना हे सगळं माहीत असतं. नव्या माणसाची मात्र अर्धी दुपार स्टेशनाच्या पूर्व-पश्चिम पुलावर जाते.

आधी हे समजून घ्या

लोकलचं तिकीट किंवा पास बसमध्ये चालत नाही. ब्रिटनसारख्या देशात रूळ बंद असले की रेल्वे स्वतः बस लावते आणि रेल्वेच्या तिकिटावरच बसमध्ये बसता येतं. आपल्याकडे तसं नाही. रेल्वे ब्लॉक घेते आणि महापालिकेच्या परिवहन उपक्रमांना जादा बस सोडायची विनंती करते. ठाण्याची टीएमटी, नवी मुंबईची एनएमएमटी, मुंबईची बेस्ट आणि मोठा ब्लॉक असेल तर एसटीसुद्धा आपापल्या नेहमीच्या भाड्याने फेऱ्या वाढवतात. म्हणजे खिशात महिन्याचा पास असला तरी बसचे पैसे वेगळे पडतात. ब्लॉकच्या दिवसांमुळे पासाची मुदतही वाढत नाही.

दुसरी गोष्ट साध्या गणिताची. बारा डब्यांच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी चार हजारांच्या आसपास माणसं असतात. मोठ्या बसमध्ये बसून आणि उभे राहून साठ-सत्तर मावतात. एका लोकलची माणसं हलवायची तर साठेक बस लागतील, आणि ती लोकल एकटी नसते, तिच्यामागे दुसरी येत असते. इतक्या बस कुठल्याही आगारात रिकाम्या उभ्या नसतात. म्हणून जादा बस सोडल्या असं बातमीत वाचून निश्चिंत होऊ नका. रविवारच्या दुपारी हे जमून जातं, कामाच्या दिवशी जमत नाही. मे २०२४ च्या अखेरीस ठाण्याचा फलाट ५ रुंद करायला ६३ तासांचा ब्लॉक घेतला आणि त्याच वेळी सीएसएमटीला, म्हणजे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, ३६ तासांचा. तीन दिवसांत ९३० लोकल फेऱ्या रद्द होणार हे रेल्वेने आधीच जाहीर केलं आणि शक्य असेल तिथे घरून काम करू द्या असं आवाहनही केलं. बसवर सगळा भार पडला तर काय होईल हे रेल्वेलाही ठाऊक होतं.

यातून एकच धोरण निघतं आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावरच उभ्या आहेत: घरापासून मुक्कामापर्यंत अख्खा प्रवास बसने करायला जाऊ नका. लोकल कुठपर्यंत चालू आहे ते शोधा, तिथपर्यंत लोकलने जा आणि फक्त मधला तुटलेला तुकडा बसने जोडा.

पायरी १: ब्लॉकची बातमी शनिवारी रात्रीच वाचा

मध्य रेल्वे रविवारच्या ब्लॉकची माहिती साधारण शुक्रवारी किंवा शनिवारी देते. वर्तमानपत्रात येते, एक्सवरच्या अधिकृत खात्यावर येते, एम-इंडिकेटर या अॅपवर दिसते. स्टेशनवर गेल्यावर वाचू असं म्हणालात तर उशीर झालेला असतो.

बातमीत तीन वेगवेगळ्या वेळा असतात आणि नवखा माणूस नेमका चुकीची वेळ लक्षात ठेवतो. पहिली वेळ ब्लॉकची. हार्बर (सीएसएमटीहून कुर्ला, वाशीमार्गे पनवेल) आणि ट्रान्स हार्बरवर ती बहुतेक रविवारी सकाळी ११.१० ते दुपारी ४.१० अशी असते. दुसरी वेळ ‘ब्लॉकपूर्वी शेवटची लोकल’. ही ब्लॉक सुरू व्हायच्या बरीच आधी सुटलेली असू शकते, कारण ती गाडी ब्लॉकच्या हद्दीबाहेर पडल्याशिवाय काम सुरू करता येत नाही. तिसरी वेळ ‘ब्लॉकनंतरची पहिली लोकल’, आणि ती ४.१० नंतर असते. समजा तुम्हाला पनवेलहून ठाण्याला यायचं आहे आणि ब्लॉक ११.१० ला आहे. ११ ची गाडी मिळेल असं धरून निघालात तर स्टेशनवर जाऊन अडकाल. दहाच्या सुमाराची गाडी हीच शेवटची असण्याची शक्यता जास्त. त्यामुळे ब्लॉकची वेळ सोडून द्या, शेवटची आणि पहिली लोकल एवढंच मोबाईलमध्ये लिहून ठेवा.

पुढचं वाक्य मार्गाबद्दल असतं. ‘पनवेल ते वाशी’, ‘ठाणे ते वाशी/नेरुळ’, ‘कुर्ला ते वाशी’, ‘माटुंगा ते मुलुंड’ यातलं काय लिहिलंय त्यावर सगळं ठरतं. माटुंगा–मुलुंड किंवा विद्याविहार–ठाणे असा मुख्य मार्गावरचा (सीएसएमटीहून कुर्ला, ठाणेमार्गे कल्याणकडे जाणारा) ब्लॉक असेल तर बहुतेकदा जलद किंवा धीमी अशी रुळांची एकच जोडी बंद असते. गाड्या दुसऱ्या जोडीवरून दहा-पंधरा मिनिटं उशिराने चालतात. तेव्हा बसच्या फंदात पडूच नका. फक्त एवढं बघा की जलद मार्गावर वळवलेली धीमी गाडी काही स्टेशनांवर थांबणार नाही, कारण तिथे जलद मार्गाला फलाटच नाही. कुठे थांबणार नाही ते बातमीत दिलेलं असतं.

शेवटचं वाक्य सगळ्यात उपयोगाचं आणि सगळ्यात कमी वाचलं जातं. हार्बरवर ब्लॉक असेल तर हार्बरच्या प्रवाशांना सकाळी १० ते संध्याकाळी ६ या वेळात ठाणे–वाशी/नेरुळ मार्गे प्रवासाची मुभा बहुतेक वेळा दिलेली असते. म्हणजे कुर्ला–वाशी बंद असेल तर कुर्ल्याहून मुख्य मार्गाने ठाण्याला या आणि ट्रान्स हार्बरने वाशीला जा, त्याच पासावर. लांबचा वळसा वाटतो, पण रुळांवरचा आहे. ज्यांना ही सवलत माहीत नसते ते कुर्ल्याहून बस शोधत सायन–पनवेल रस्त्यावरच्या रहदारीत सापडतात.

पायरी २: तुटलेला तुकडा शोधा

ट्रान्स हार्बरचा नकाशा डोक्यात पक्का करा. ठाण्याहून दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. तुर्भ्यापुढे फाटा: एक शाखा सानपाडा, वाशी, दुसरी जुईनगर, नेरुळ, सीवूड्स, बेलापूर, खारघर, मानसरोवर, खांदेश्वर, पनवेल. नेरुळ आणि बेलापूरहून आणखी एक मार्ग उरणला जातो, तो जानेवारी २०२४ पासून पूर्ण चालू आहे.

आता दोन उदाहरणं.

ठाण्याहून खारघरला जायचंय आणि ब्लॉक पनवेल–वाशी आहे. ठाणे–पनवेल गाड्या रद्द, पण ठाणे–वाशी बहुधा चालू असतात. नवा माणूस ठाण्यातच पनवेलची बस शोधायला बाहेर पडतो आणि कळवा, विटावा, ऐरोली, महापे असा सगळा रस्ता बसने काढतो. त्याऐवजी वाशीपर्यंत लोकलने जा, अर्धा तास लागतो. वाशी स्टेशनबाहेर सायन–पनवेल महामार्ग आहे. तो ओलांडून वाशी प्लाझाच्या बाजूला गेलात की पनवेलकडे जाणाऱ्या एनएमएमटी, बेस्ट आणि एसटी अशा सगळ्यांच्या बस एकाच रस्त्यावर मिळतात. तिथे पर्याय जास्त, गर्दी विभागलेली, आणि खारघर महामार्गालाच लागून.

दुसरं उदाहरण. ब्लॉक ठाणे–वाशी/नेरुळ आहे, म्हणजे ट्रान्स हार्बर पूर्ण बंद, पण हार्बर चालू. ठाण्याहून ऐरोली किंवा रबाळ्याला जायचं असेल तर बसशिवाय गत नाही. रस्ता मात्र जवळचा आहे. ठाण्याहून नेरुळ-बेलापूरला जायचं असेल तर कुर्ल्यापर्यंत मुख्य मार्गाने आणि तिथून हार्बरने जा. वेळ थोडा जास्त लागतो, पण किती लागेल ते आधी सांगता येतं. बसचं तसं सांगता येत नाही. तिकीट काढताना मार्ग कुर्ल्यावरून घ्या, नाहीतर टीसीशी वाद होईल. पास ट्रान्स हार्बरचा असेल तर कुर्ल्यामार्गे मुभा आहे का ते त्या दिवशीच्या बातमीत बघा. नसेल तर साधं तिकीट काढलेलं बरं.

बेलापूर–पनवेल एवढाच तुकडा बंद असेल तर खारघरच्या आतल्या सेक्टरांत राहणाऱ्यांना बसपेक्षा मेट्रो बरी. बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून चालू आहे आणि बेलापूर टर्मिनल रेल्वे स्टेशनपासून चालत जाण्यासारखं आहे. ती बेलपाडा, उत्सव चौक, केंद्रीय विहार, सेंट्रल पार्क करत जाते. खारघर रेल्वे स्टेशनला मात्र जात नाही, हे लक्षात ठेवा. असाच मोठा ब्लॉक ३० सप्टेंबर २०२३ च्या रात्रीपासून ३८ तासांचा झाला होता, मालगाड्यांच्या स्वतंत्र मार्गाच्या कामासाठी. तेव्हा मेट्रो सुरू झालेली नव्हती. पुढच्या वेळी ती हाताशी असेल.

पायरी ३: थांबा नेमका कुठे

ठाणे स्टेशनवर सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. ट्रान्स हार्बरच्या गाड्या फलाट ९ आणि १० कडून सुटतात, म्हणजे अगदी पूर्वेच्या, कोपरीच्या बाजूला. टीएमटीच्या बस सुटतात पश्चिमेला, सॅटिसवरून. सॅटिस म्हणजे स्टेशनासमोरचा बसचा उंच पूल. खाली रिक्षा, वर बस. गाडी रद्द झाल्याचं फलाट १० वर कळलं की लोक जवळच्या जिन्याने पूर्वेला उतरतात आणि मग सॅटिसला जायला पुन्हा सगळे फलाट ओलांडतात. आधी ठरवा कुठली बस, मग जिना धरा. एनएमएमटी आणि बेस्टच्या बसही सॅटिसवरच मिळतील असं गृहीत धरू नका. उभ्या असलेल्या कुठल्याही वाहकाला सरळ विचारा, ‘दादा, एनएमएमटी कुठून?’ ते रोज तिथे असतात, हात करून दाखवतात. एसटी हवी असेल तर पश्चिमेला स्टेशनजवळचा स्टँड वेगळा आणि खोपटचा वेगळा. लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या खोपटहून सुटतात आणि तिथपर्यंत जायला रिक्षा लागते.

वाशीत ‘वाशी डेपो’ आणि ‘वाशी रेल्वे स्थानक’ या दोन वेगळ्या जागा आहेत. डेपो सेक्टर ९ मध्ये. डेपोची बस पकडून उतरलात तर स्टेशनला रिक्षाच करावी लागते. पनवेलचंही तेच: एसटी स्टँड आणि रेल्वे स्टेशन यांत चालायला वीसेक मिनिटं लागतील इतकं अंतर आहे, आणि हातात सामान असेल तर ते चालण्यासारखं नाही. बेलापूरला महामार्गावरून जाणाऱ्या बस कोकण भवनाच्या बाजूला थांबतात, स्टेशनच्या दारात येत नाहीत.

ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे ही स्टेशनं ठाणे–बेलापूर रस्त्याच्या कडेनेच आहेत. त्यामुळे रस्त्यावरचा थांबा सहसा जवळ असतो. अडचणी दोन आहेत. एक, काही बस ठाणे–बेलापूर रस्त्याने सरळ जातात आणि काही ऐरोली, कोपरखैरण्याच्या सेक्टरांतून फिरत जातात. दुसरीला वेळ जवळपास दीडपट लागतो. दोन, घणसोली ते रबाळे पट्ट्यात उड्डाणपूल आहेत. बस पुलावरून गेली तर खालचे थांबे चुकतात. चढतानाच विचारा: ‘पुलावरून जाते की खालून?’ हा प्रश्न विचारणारा माणूस नवा असला तरी जुना वाटतो, आणि वाहक नीट उत्तर देतो.

पायरी ४: पाटीवर स्टेशनचं नाव नसतं

रेल्वेची नावं आणि बसच्या पाट्यांवरची नावं जुळत नाहीत. मानसरोवर स्टेशनला जाणाऱ्या बसवर कामोठे लिहिलेलं असतं. खांदेश्वरसाठी खांदा कॉलनी, नवीन पनवेल किंवा पुन्हा कामोठे. ऐरोलीला सेक्टरचा आकडा. तुर्भ्यासाठी कधी तुर्भे नाका, कधी एपीएमसी (घाऊक बाजार), आणि या दोन जागा एक नाहीत. नेरुळसाठी महामार्गावरचा थांबा ‘एलपी’ या नावाने ओळखतात, तिथून नेरुळ स्टेशन रिक्षाच्या अंतरावर. कळंबोलीची बस पनवेल स्टेशनपर्यंत जाईलच असं नाही. त्यामुळे ‘अमुक स्टेशनला जाते का’ असं विचारण्यापेक्षा ‘अमुक स्टेशनला जवळचा थांबा कुठला’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला वाहक घाईत नाही म्हणून मोकळा होतो आणि तुम्ही बरोबर बस सोडून देता.

जादा फेऱ्यांवर बऱ्याचदा क्रमांक नसतो, किंवा भलत्याच मार्गाचा क्रमांक तसाच राहिलेला असतो आणि काचेवर खडूने किंवा कागदावर ‘ठाणे–वाशी’ लिहिलेलं असतं. समोरच्या पाटीपेक्षा त्या कागदावर विश्वास ठेवा. बस कुठे आहे ते दाखवणाऱ्या अॅपमध्ये या जादा फेऱ्या दिसतीलच असं नाही, कारण अॅप नेहमीचं वेळापत्रक धरून चालतं. अॅपवर पुढची बस पस्तीस मिनिटांनी दिसत असली तरी पाच मिनिटांत जादा बस समोर उभी राहू शकते. उलटही घडतं.

पायरी ५: पैसे आणि तिकीट

दहा आणि वीसच्या नोटा शनिवारीच बाजूला काढून ठेवा. ब्लॉकच्या दिवशी प्रत्येकजण शंभर-दोनशे पुढे करतो, वाहकाकडचे सुटे पहिल्या दोन थांब्यांत संपतात आणि मग तिकिटामागे लिहून देण्याचा जुना प्रकार सुरू होतो. मोबाईलवरून पैसे देता येतात तिथेही भरलेल्या बसमध्ये नेटवर्क दगा देतं. बेस्टचं किमान भाडं मे २०२५ पासून साध्या बसला १० आणि वातानुकूलित बसला १२ रुपये आहे. टीएमटी आणि एनएमएमटीचे टप्पे वेगळे, तिथे वाहकाला विचारा. ज्येष्ठ नागरिक, विद्यार्थी, महिला यांच्या सवलती प्रत्येक उपक्रमात निराळ्या आहेत, त्यामुळे ओळखपत्र जवळ ठेवा.

गाडी चालू आहे याची खात्री झाल्याशिवाय लोकलचं तिकीट काढू नका. उपनगरी तिकिटावर एका तासात प्रवास सुरू करावा लागतो. ब्लॉकच्या गोंधळात तो तास फलाटावरच जातो.

रिक्षा हा शेवटचा पर्याय, पण तुकडा लहान असेल तर चांगला. किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये आहे. ब्लॉकच्या दिवशी स्टेशनबाहेर मीटर टाकायला नकार मिळतो, तेव्हा दोनशे पावलं चालून मुख्य रस्त्यावर या आणि चालती रिक्षा थांबवा. तिघे मिळून गेलात तर खर्च वाटला जातो.

थांब्यावर उभं राहताना

सुरुवातीच्या थांब्यावर जा. हा एक नियम पाळलात तरी अर्धा त्रास कमी होतो. ठाण्याहून भरलेली बस विटाव्याला, दिघ्याला थांबत नाही. चालक हात हलवून पुढे जातो आणि त्याची चूकही नसते, आत पाय ठेवायला जागा नसते. दिघ्यात राहत असाल आणि वाशीला जायचं असेल तर आधी उलटं ठाण्याला जाणं वेडेपणा वाटतो, पण तीन भरलेल्या बस समोरून गेल्या की पटतं. पुढच्या थांब्यावरच उभं राहायचं असेल तर बस रिकामी होते तिथे राहा: ऐरोलीला बरेच लोक उतरतात, कोपरखैरण्यालाही.

पहिली बस आली की सगळे तिच्यावर तुटून पडतात. ब्लॉकच्या दिवशी जादा बस बहुधा दोन-तीनच्या गटाने येतात, कारण त्या एकाच आगारातून एकाच वेळी सुटलेल्या असतात किंवा एकाच सिग्नलला अडकलेल्या असतात. मागे दुसरी दिसत असेल तर पहिली सोडा. दुसरीत बसायला मिळतं, आणि पहिली प्रत्येक थांब्यावर खोळंबत असल्याने दुसरी तिच्या बरोबरच पोचते.

पाठीवरची बॅग पुढे घ्या. दारात उभे राहिलात तर प्रत्येक थांब्यावर खाली उतरावं लागेल. मधल्या भागात शिरा आणि आपल्या आधीच्या थांब्यालाच दाराकडे सरका. म्हातारी माणसं आणि लहान मुलं बरोबर असतील तर वाहकाच्या लक्षात आणून द्या. राखीव आसनं असतात, पण गर्दीत कुणी स्वतःहून उठत नाही, वाहकाने सांगितलं की उठतात. चाकाची खुर्ची असेल तर साध्या उंच पायऱ्यांच्या बसचा नाद सोडा आणि ब्लॉक संपेपर्यंत थांबा, किंवा सरळ टॅक्सी करा. या बाबतीत आपल्याकडची व्यवस्था फार तोकडी आहे, आणि दिव्यांगांच्या डब्यातून रोज जाणाऱ्या माणसाला ब्लॉकच्या दिवशी घरी बसवणं हा अन्याय आहे. रेल्वे आणि परिवहन उपक्रमांनी निदान प्रत्येक जादा ताफ्यात एक-दोन खालच्या पायरीच्या बस ठेवून त्यांची वेळ जाहीर करायला हवी.

वेळेचा हिशेब

ठाणे–वाशी लोकलला अर्धा तास, ठाणे–पनवेलला पाऊण तासाच्या थोडं वर. बसला रविवारी दुपारी ठाणे–वाशी तासभर धरा, कामाच्या दिवशी दीड तास. त्यावर थांब्यावरची वाट वीस ते चाळीस मिनिटं. पनवेलहून कोकणची किंवा ठाण्याहून लांबची गाडी पकडायची असेल तर ब्लॉक सुरू व्हायच्या आधीच्या लोकलने निघा, मग स्टेशनवर दोन तास बसावं लागलं तरी चालेल. बसने जाऊन एक्स्प्रेस पकडण्याचा हिशेब पाच वेळा बरोबर येतो आणि सहाव्या वेळी कळवा पुलावर गाडी उभी राहते.

ब्लॉक नाही, पण गाड्या अचानक थांबल्या

ओव्हरहेड वायर तुटली, सिग्नल बिघडला, रुळाला तडा गेला, की आधी काही कळत नाही. इथे बसचा अनुभव वेगळा असतो. रविवारच्या ब्लॉकला बसचं नियोजन आधी झालेलं असतं. बिघाडाच्या वेळी चालक-वाहक आपापल्या फेऱ्यांवर असतात आणि जादा बस रस्त्यावर यायला पाऊण-एक तास लागतो. तोवर बिघाड दुरुस्तही झालेला असतो. म्हणून घोषणेत कारण काय सांगतात ते ऐका. सिग्नलचा बिघाड असेल तर वीस-पंचवीस मिनिटं थांबा, गाड्या रखडत का होईना चालतात. वायर तुटली असेल किंवा डबा घसरला असेल तर थांबू नका, लगेच बाहेर पडा आणि नेहमीची बस पकडा, जादा बसची वाट बघू नका. पहिली पंधरा मिनिटं थांब्यावर जागा असते, नंतर सगळं स्टेशन तिथे उतरतं.

गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये उभी राहिली तर खाली उड्या मारू नका. शेजारच्या रुळावर गाड्या चालू असू शकतात आणि तुटलेल्या वायरमध्ये वीज असू शकते. गार्ड किंवा रेल्वे पोलीस सांगतील तेव्हाच उतरा. मदतीला १३९ आहे.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट. ज्या पावसाने रूळ पाण्याखाली जातात त्याच पावसाने विटाव्याचा रेल्वेखालचा रस्ताही तुंबतो. कळवा–विटावा मार्गे ठाण्याहून दिघा-ऐरोलीला जाणारी बस तेव्हा मध्येच अडकते किंवा सुटतच नाही. अशा दिवशी मुख्य मार्ग चालू असेल तर मुलुंडला जा आणि ऐरोली पुलावरून जाणारी बस किंवा रिक्षा बघा. तोही बंद असेल तर ऑफिसमध्येच थांबा.

परतताना

दुपारी साडेतीननंतर लांबची बस पकडू नका. ब्लॉक चारच्या पुढे संपतो, आणि साडेतीनला ठाण्याहून पनवेलच्या बसमध्ये बसलेला माणूस अजून रबाळ्याच्या सिग्नलला असताना शेजारून पहिली लोकल निघून जाते. त्या वेळी चहा प्या, थांबा. पहिली लोकल शक्यतो सोडा, कारण पाच तासांची गर्दी तिच्यात चढते. दुसरी-तिसरी बरी असते. काम लांबलं तर ब्लॉकही लांबतो, त्यामुळे स्टेशनच्या इंडिकेटरवर गाडीची वेळ आणि फलाट दोन्ही दिसल्याशिवाय थांबा सोडून फलाटावर जाऊ नका. वेळापत्रक पूर्ववत व्हायला संध्याकाळचे सहा वाजतात. जादा बस मात्र लोकल सुरू झाल्याबरोबर कमी होतात, म्हणून पाचच्या सुमारास बसची वाट बघत उभं राहण्यात अर्थ नाही.

बस न थांबता गेली किंवा वाहकाने जास्त पैसे घेतले तर बसचा नंबर, वेळ आणि थांबा लगेच टिपून घ्या आणि तिकीट जपून ठेवा. जादा फेरीला मार्ग क्रमांक नसतो, त्यामुळे गाडीच्या नंबरशिवाय केलेली तक्रार परिवहन कार्यालयात पुढे सरकत नाही.